पाच मिनिटांची चाचणी

आमच्या घरात पासष्ट टेपरेकॉर्डर आहेत. हा आकडा मी स्वतःहून कुणाला सांगत नाही. नवरा सांगतो. पाहुणे दारात चपला काढत असतानाच सांगतो, म्हणजे कुणाला परत घालायच्या असतील तर सोय व्हावी.

पासष्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मांडवातल्या स्पीकरएवढी धुडं येतात. माझे तसे नाहीत. मला हातातले आणि खिशातले आवडतात. एक साबणाच्या वडीएवढा आहे, त्याला काडेपेटीएवढी कॅसेट लागते. बाकीचे जाड पुस्तकाएवढे. काहींना एका टोकाला मूठ, काहींना चामड्याचं कव्हर आणि खांद्याला अडकवायचा पट्टा. सासूबाईंच्या लग्नातलं लोखंडी कपाट या टेपांनी कधीच व्यापलं. सासूबाई असत्या तर यावर काय म्हणाल्या असत्या, ते नवरा मला अधूनमधून त्यांच्या वतीने ऐकवतो.

हा नाद मला लागावा हेच विचित्र आहे, कारण टेपरेकॉर्डरने माझी नोकरी खाल्ली होती. अगदी खाल्ली नाही, चाटली. मी लघुलेखक होते. एका सरकारी कार्यालयात साहेब बोलायचे आणि मी समोर बसून लिहायचे, मिनिटाला शंभर शब्द. पेन्सिलीला टोक काढताना माझी मान जरा ताठच असायची. मग नवे साहेब आले. त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून एक खिशातला टेप आणून दिलेला. साहेब म्हणाले, ‘‘मॅडम, तुम्ही कशाला समोर ताटकळता? मी घरूनच बोलून आणतो.’’ तेव्हापासून मी कानात बोंडं घालून टाइप करायला लागले. साहेबांच्या घरी कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आणि मग ‘महोदय’ यायचं. दाणे खात सांगितलेलं पत्र कुठलं आणि जेवून उठल्यावर सांगितलेलं कुठलं, हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं.

पुढे संगणक आले, साहेब टेप कार्यालयातच सोडून निवृत्त झाले आणि तो भंगारात निघाला. मी तो रीतसर अर्ज करून घरी आणला. का आणला, ते विचारू नका. शत्रू म्हातारा झाला की आपण त्याला चहा विचारतो, तसंच काहीसं असेल. तो पहिला. दुसरा आणला तेव्हा नवरा म्हणाला, ‘‘याला सोबत का?’’ पन्नासाव्याला त्याने विचारणं सोडलं.

आता चाचणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या चाचणीने केलं.

जुन्या टेपमध्ये बघायचा तो वेग. मोटर हळू झाली की बाईचा बुवा होतो, जलद झाली की बुवाची चिमणी. वेग तपासायची माझी स्वतःची पद्धत होती. साहेबांनी समोर बसवून मला सांगितलेलं शेवटचं पत्र मला अजून तोंडपाठ आहे. सायखेड्याकडच्या एका चारीच्या, म्हणजे पाटाच्या छोट्या फाट्याच्या, दाराबद्दलचं. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...’ इथून ते ‘आपला विश्वासू’पर्यंत, साहेबांच्या चालीने सांगितलं की ते बरोबर पाच मिनिटं चालतं. नवा टेप आला की मी घड्याळ समोर ठेवून ते पत्र त्यात भरायची. मग कॅसेट मागे घेऊन घड्याळ लावून ऐकायची. पाच मिनिटांत संपलं की वेग बरोबर.

सगळ्यांचाच बरोबर निघायचा. मला वाटायचं, शेवटी जपानी माल.

यासाठी कॅसेट कुठली वापरायची? जी आत असेल ती. कोऱ्या आता सहज मिळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला यंत्रांत रस होता, लोक त्यात काय बोलून गेलेत यात नव्हता. ते आयुष्यभर ऐकून झालं होतं. कॅसेटच्या पाठीला दोन्ही कोपऱ्यांत प्लास्टिकच्या बारक्या जिभा असतात. ज्याला आतलं जपायचं असेल तो त्या मोडून टाकतो. मग त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही, रेकॉर्डचं बटण खाली जातच नाही. पण मोडल्या जिभेच्या जागी चिकटपट्टी लावली की यंत्र फसतं. कपाटाच्या दाराला आतून त्यासाठी चिकटपट्टीचा एक रीळ मी दोऱ्याने बांधूनच ठेवला होता.

तर, गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बुधवारी नदीकाठी, गंगेवर, बाजार भरतो, त्यात जुन्या वस्तू ताडपत्रीवर मांडणारा एकजण माझ्या ओळखीचा आहे. तो मला लांबूनच टेपवाल्या मॅडम म्हणून हाक मारतो, आणि आजूबाजूचे भाजीवाले मान वर करून बघतात.

‘‘मॅडम, आज तुमच्यासाठी हिरा ठेवलाय.’’

‘‘मागच्या वेळीही हिराच होता. घरी जाऊन कोळसा निघाला.’’

त्याने पोत्याखालून चामड्याच्या कव्हरातला एक टेप काढला. काच शाबूत, आत आवाजाबरोबर हलणारा काटा, तीन आकड्यांचं चक्र. असा मी अठरा वर्षं शोधत होते. मी म्हटलं, ‘‘पट्टा तुटलाय. कव्हराला तेलाचे डाग आहेत. बटणं घट्ट झालीत.’’

‘‘मॅडम, तुम्ही जेवढी नावं ठेवता ना, तेवढा माल तुम्हाला आवडलेला असतो. घेऊन जा.’’

घेऊन आले. आत एक कॅसेट होती, तिच्यावर शाईने ‘काळी २’ एवढंच लिहिलेलं. कॅसेट काळीच होती, तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. कुणाकडे काळी एकही असेल. दोन्ही जिभा मोडलेल्या होत्या. मी चिकटपट्टी लावली, घड्याळ ठेवलं आणि त्या चारीच्या दाराबद्दल पाच मिनिटं सविनय सादर केलं. मागे घेऊन ऐकलं. ‘विश्वासू’ला घड्याळाचा काटा बरोबर पाचवर. बटण बंद केलं आणि टेप कपाटात तिसऱ्या फळीवर अगदी पुढे ठेवला, म्हणजे दार उघडल्या उघडल्या दिसावा.

तीन आठवड्यांनी ताडपत्रीवाल्याचा फोन. ‘‘मॅडम, इथे एक मावशी येऊन बसल्यात. उठतच नाहीत. तुम्हीच बोला बुवा.’’

मावशींनी फोन हातात घेतला तोच मुळी मोठ्याने. ‘‘ताई, चामड्याचा टेप तुमच्याकडं हाय का? काट्याचा?’’

‘‘आहे.’’

‘‘आन त्यातली कॅसेट?’’

‘‘आहे की.’’

‘‘हाय!’’ हे त्यांनी मला नाही, तिथल्या सगळ्या बाजाराला सांगितलं. मग फोनवर येऊन म्हणाल्या, ‘‘टेप तुम्हालाच ऱ्हाऊ द्या ताई, फकस्त कॅसेट पाहिजे. आमचं म्हातारं गाणारं होतं. चार वर्षं झाली, घशाचं आपरेशन झालं, आवाज गेला. साफ गेला. त्या कॅसेटीत सुरुवातीलाच, गाणं चालू व्हायच्या आधी, ते मला हाक मारतंय. बाकी मला काय नको. तेवढी हाक पाहिजे.’’

मी म्हटलं, ‘‘या ना उद्या घरी.’’ पत्ता सांगितला, कुठली रिक्षा धरायची तेही सांगितलं. फोन ठेवला आणि कपाटाच्या दाराला बांधलेल्या चिकटपट्टीच्या रिळाकडे बघत बसले.

नवऱ्याने पेपर खाली घेतला. ‘‘काय झालं?’’

मी सांगितलं.

‘‘मग आत्ता लावून बघ, काय उरलंय ते.’’

‘‘नको.’’

‘‘त्यांना सांगणार कधी?’’

‘‘आल्यावर.’’

‘‘चहाआधी की चहानंतर?’’

‘‘चहानंतर,’’ मी म्हटलं. माझा धीर एवढाच.

दुसऱ्या दिवशी अकराला दोघं आली, पंचवटीच्या पलीकडच्या एका वसाहतीतून, दोन रिक्षा बदलून. मावशी बुटक्या, नऊवारीत, हातात कापडी पिशवी. काका उंच, पांढरा शर्ट, गळ्याभोवती स्वच्छ रुमाल गुंडाळलेला. त्यांच्या हातात बटण दाबलं की पुसली जाते तसली मुलांची पाटी होती. बसल्या बसल्या त्यांनी तिच्यावर ‘त्रास दिला’ असं लिहून मला दाखवलं.

‘‘पाटी नातवाची,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘आता यांची. भांडण जुंपलं की आपलं तेवढं लिवतंय, मला वाचायला लावतंय, आन मी उत्तर द्यायच्या आत बटण दाबून मोकळं. पुरावाच नाय.’’

काका हसले. हसण्याचा आवाज नव्हता, खांदे हलले. कारखान्यात तीस वर्षं फिटर होते, आणि संध्याकाळी त्यांची गायन पार्टी. जयंतीला विहारापुढच्या मांडवात त्यांची पार्टी उभी राहिली की समोरच्या पार्टीचा ढोलकीवाला लघवीच्या निमित्ताने उठायचा, असं मावशी म्हणाल्या. काकांनी पाटीवर लिहिलं, ‘एकदाच उठला होता.’

‘‘पण उठला ना?’’ मावशी म्हणाल्या.

टेप गेला कसा, तेही त्यांनी सांगितलं. दिवाळीची साफसफाई काढलेली. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी दारात आली. मावशींना पातेलं हवं होतं, तिला कपडे कमी पडत होते. म्हटलं, हा टेप घे, नुसता पडलाय. कॅसेट खणात आहे अशी त्यांची खात्री होती. खणात होती ती नुसती डबी. ‘‘मी रोज खण उघडून डबीकडं बघायची आन वाटायचं, हाय जागेवर. बारा दिवसांनी उघडली. मग त्या भांडीवालीला हुडकलं, तिनं बाजारातली ताडपत्री दावली.’’

‘‘आता हाक कशी मारतात?’’ नवऱ्याने विचारलं. त्याला असल्या गोष्टी विचारायच्या असतात.

‘‘टाळी,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘दोन टाळ्या. टाळ्यांनी मानूस कोंबड्या हाकलतो. मी म्हटलं, वाटी वाजव, पेला आपट, टाळी नको. तर वाटीपर्यंत हात जायच्या आधी टाळी वाजती.’’

चहा झाला. कप रिकामे झाले. नवरा माझ्याकडे बघायला लागला. मी टेप आणला आणि कॅसेट मुद्दाम उलटी घातली, दुसरी बाजू. तिथे मी बोलले नव्हते.

गाणं सुरू झालं. पेटी, ढोलकी, मागे चार-पाच जणांचा कोरस, आणि त्यांच्यापुढे एक रुंद, खणखणीत पुरुषी आवाज. माझ्या मनात आलं, एवढं सगळं शिल्लक आहे, मग पाच मिनिटांचं काय? काकांनी बोट वर केलं. मला वाटलं, दाद. त्यांनी बोट आणखी वर केलं, मग पाटी घेतली.

‘जड आहे. हा काळी दोन नाही.’

तेव्हा कॅसेटवरच्या अक्षरांचा उलगडा झाला. काळी दोन म्हणजे पेटीवरची पट्टी, त्यांचा नेहमीचा सूर. चाळीस वर्षं माणूस त्याच सुरात उभा राहिलेला.

‘मोटर हळू,’ त्यांनी लिहिलं.

मला ते लागलं. मी म्हटलं, ‘‘काका, वेग मी स्वतः तपासलाय. पाच मिनिटांचा मजकूर पाच मिनिटांत बसतो.’’

‘कशावर भरला?’

‘‘याच्यावरच.’’

‘वाजवला?’

‘‘याच्यावरच.’’

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘मीटरपट्टीने तीच मीटरपट्टी मोजली.’

नवरा कप उचलून आत गेला. कप रिकामे होते, पण आत त्याला बराच वेळ लागला, आणि मधूनमधून खोकल्याचा आवाज आला. हळू मोटरवर भरलेलं हळू मोटरवर बरोबरच वाजणार, हे माझ्यासारख्या मिनिटाला शंभर शब्दवालीला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. पासष्ट टेप पास झाले होते. परीक्षाच घेतली नव्हती.

‘‘ते ऱ्हाऊ द्या तुमचं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘पयली बाजू लाव ताई. हाक.’’

आता चहाही उरला नव्हता. मी म्हटलं, ‘‘मावशी, तिच्या सुरुवातीला मी बोललेय.’’

‘‘कशाच्या?’’

‘‘कॅसेटच्या. तुमच्या हाकेवर.’’

मावशींना ते आत जायला वेळ लागला. ‘‘काय बोललीस?’’

‘‘पत्र.’’

‘‘कुनाला?’’

‘‘कुणाला नाही.’’

‘‘मग कशाला?’’

वेग तपासायला, असं म्हणायची सोय पाच मिनिटांपूर्वी काकांनी काढून घेतली होती.

‘‘जिभा मोडलेल्या होत्या की,’’ मावशी म्हणाल्या. आवाज चढला नाही, उलट उतरला. ‘‘मीच मोडल्या होत्या. चमच्याच्या दांड्यानं. त्या टायमाला थोरली पोटात होती. पार्टीतली पोरं यायची, ह्याच्यावर भर, त्याच्यावर भर. म्हटलं, यावर कुणी काय घालायचं नाय.’’

‘‘मी चिकटपट्टी लावली.’’

मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. उठतात की काय असं वाटलं. तेवढ्यात काकांनी दोन टाळ्या वाजवल्या. त्या आमच्या बैठकीच्या खोलीत चांगल्याच घुमल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘लाव.’

मी कॅसेट उलटवली, पूर्ण मागे घेतली आणि बटण दाबलं.

पाच मिनिटं हा फार मोठा काळ असतो. शाळेत पेपर काढून घेताना तो छोटा वाटतो, तेवढंच. ‘महोदय,’ मी म्हणाले, म्हणजे टेपमधली मी. मोटर तीच असल्याने माझा आवाज अगदी जसाच्या तसा आला, नको इतका स्पष्ट. ‘मौजे सायखेडा येथील चारीच्या दाराची झडप नादुरुस्त झाल्याने शेवटच्या टोकाच्या लाभधारकांस पाणी पोहोचत नाही, ही बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे.’ मावशी ओठ घट्ट मिटून ऐकत होत्या. काका जमिनीकडे बघत. नवरा दारात उभा, आता हसत नव्हता. मी ते पत्र पासष्ट वेळा सांगितलं असेल, खरं ऐकलं ते त्याच दिवशी. त्यात ‘सदर’ हा शब्द अकरा वेळा येतो. शेवटी एकदाचं ‘आपला विश्वासू’ आलं. खट्.

क्षणभर काही नाही. मग मध्येच तोडल्यासारखा तोच रुंद आवाज, पण आता गाणारा नाही, घरातला.

‘...कमी घाल. आन दार लोट ते. भांडी वाजतात तुझी, समदं टेपात जातंय.’

लांबून, बहुधा स्वयंपाकघरातून, एका तरुण बाईचा आवाज आला, ‘मग चहा काय वाऱ्यावर करू?’

चार-पाच पुरुष हसले. दार लोटल्याचा आवाज. ढोलकीवर थाप.

मी टेप थांबवला. मावशींनी तोंडाला पदर लावला होता. पदरामागून त्या म्हणाल्या, ‘‘हाच. हाच त्यो.’’ मग पदर बाजूला करून टेपकडे बघत म्हणाल्या, ‘‘अजून तेच म्हनते मी. वाऱ्यावर करू का?’’

ते वाक्य आम्ही चारदा ऐकलं. चौथ्यांदा मावशींच्या कपाळाला आठी पडली. ‘‘पर एवढा जाड नव्हता.’’

काकांनी मान हलवली आणि माझ्याकडे हात पुढे केला. काय पाहिजे ते मला कळलं. घड्याळजीचा बारीक स्क्रूड्रायव्हर आणून दिला. मोटरच्या पाठीला एक भोक असतं, त्याच्या आत वेगाचा स्क्रू. मी असल्या मोटरी नुसत्या पुसत आले होते. फिटरने टेप उपडा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि भोकात टोक घातलं. गाणं चालू ठेवून तो माणूस आपलाच आवाज केसाकेसाने वर चढवत होता. चेहरा असा, की दुसऱ्या कुणाचं तरी काम हातात घेतलंय. सूर एका जागी आला तसं त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा वर केला. काळी दोन.

‘‘अजून थोडा,’’ मावशी म्हणाल्या.

काकांनी नाही अशी मान हलवली.

‘‘अरे, गाण्याचं असंल बरोबर. माझ्यावर वरडायचा तवा चढायचा की. अजून बारीक.’’

‘एकच मोटर आहे,’ काकांनी लिहिलं, आणि स्क्रूड्रायव्हर मला परत देऊन टाकला, म्हणजे मावशींच्या हाती लागू नये.

मग त्यांनी पाटी पुसून आणखी काहीतरी लिहिलं आणि यावेळी आम्हा नवराबायकोपुढे धरलं. ‘ही चार वर्षं सांगते, मी टेपात म्हणालो, ये गं, बस ऐकायला.’

‘‘म्हटलंच होतं,’’ मावशी म्हणाल्या. ‘‘भांड्यांच्या आधी. ते हिनं पुसलं.’’

आणि माझ्याकडे बघून त्यांनी मान डोलावली. तक्रार म्हणून नाही. साक्षीदाराकडे बघतात तशी.

काकांनी पाटीवर दोन शब्द लिहिले. मला दिसले, ते ‘म्हणालो नव्हतो’ असे होते. मावशींनी मान वळवायच्या आत त्यांनी बटण दाबलं.

कॅसेट एकटी देऊन भागणार नव्हतं. तो सूर आता त्याच मोटरवर बसवलेला होता. मी टेप कव्हरात घातला आणि मावशींच्या पुढे ठेवला. मनापासून ठेवला, असं लिहायला बरं वाटलं असतं. अठरा वर्षं शोधून तीन आठवडे मिळालेली वस्तू देताना माझा हात कव्हराच्या बटणावर जरा जास्तच रेंगाळला, आणि ते मावशींना दिसलं. त्यांनी पिशवीत हात घातला आणि स्टीलचं एक पातेलं काढलं.

‘‘याच्याच बदल्यात गेलता. हे तुला.’’

‘‘अहो, नको, कशाला?’’

‘‘घे. तुझी चिकटपट्टी फिटली.’’

आम्ही त्यात दूध तापवतो. बुडाला जरा पातळ आहे, लागतं.

त्यानंतर मी एक अख्खा दिवस काढून कपाटातल्या सगळ्या कॅसेटी बाहेर काढल्या. प्रत्येकीच्या सुरुवातीला मी. महोदय, महोदय, महोदय. माझ्या ‘विश्वासू’नंतर जे उरलं होतं ते ऐकलं. कुठे इंग्रजीची शिकवणी, कुठे बारशाचा गलबला, एकीत नुसतं कुणीतरी पानं उलटतंय. आधी काय होतं ते कळायला मार्ग नाही, आणि त्यांपैकी कुणाचीच मावशी ताडपत्रीवर येऊन बसलेली नाही. मी चिकटपट्टीचा रीळ दाराचा सोडला. आता चाचणीला एक कोरी कॅसेट ठेवली आहे, भरते एका टेपवर आणि ऐकते दुसऱ्यावर. पासष्टातले एकोणतीस नापास झाले. नवरा म्हणतो, निकाल उशिरा लागला तरी खरा लागला. आणि हो, आता चौसष्ट. पासष्ट म्हणायची त्याची सवय जात नाही.

परवा मावशींचा फोन आला.

‘‘ताई, कशी हायेस? टेप झकास हाय. रोज चार वाजता लावतो. तुझं पत्र सुरू झालं की मी चहा टाकते. पत्र संपलं की उकळी येती, बरोब्बर. मग यांचं सुरू होतं, साखर कमी घाल म्हणून.’’

‘‘माझं पत्र पुढे पळवत जा ना मावशी.’’

‘‘नाय गं, चहाला टाइम लागतोच. पर तुझा आवाज लय बारीक येतो आता, शाळेतल्या पोरीवानी. समदं पाठ झालंय मला. लाभधारकांस पाणी पोहोचत नाही.’’ हे त्यांनी साहेबांच्या चालीत म्हणून दाखवलं. मग म्हणाल्या, ‘‘पुढं काय झालं त्याचं?’’

‘‘कशाचं?’’

‘‘दाराचं! माझं माहेर सायखेड्याचं. भावाचं रान त्याच चारीच्या टोकाला. पानी यायचं नाय, भाऊ लय फिरला त्या टायमाला. बसवलं का दार?’’

ते पत्र मी पासष्ट यंत्रांना म्हणून दाखवलं होतं. दार बसलं की नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पत्र टाइप झालं, सही झाली, जावक क्रमांक पडला. माझ्या टेबलापुरतं ते तिथे संपलं.

‘‘विचारून सांगते,’’ मी म्हटलं. ऑफिसात माझ्या वेळचं आता कोण उरलंय, ते आठवायला लागले.

तिकडे मागे दोन टाळ्या ऐकू आल्या.

‘‘आले, आले,’’ मावशी म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, ‘‘ठेवते गं. हाक मारतायत. दाराचं तेवढं बघ.’’